मुर्मुर म्हणजे आजी



"मुर्मुर" हा शब्द ऐकला की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? कुरमुऱ्यांची पुडी, नाही का? मलाही तीच दिसली होती. माझी लेक स्वीडनहून फोनवर म्हणाली, "आई, तू आता मुर्मुर होणार!" मी म्हटलं, "अगं, सरळ बोल की." मग तिने सांगितलं, स्वीडिश भाषेत आईच्या आईला मुर्मुर म्हणतात. मी आजी होणार होते. माझ्या कानावर पडलेला तो पहिला स्वीडिश शब्द. आज त्याच भाषेबद्दल मी तुमच्याशी बोलणार आहे.

तुम्ही म्हणाल, आपण वसईच्या वाडीतल्या बायका, आपल्याला स्वीडिशचं काय करायचं? पण आता आपल्या गावागावांतून लेकीसुना परदेशी जात आहेत. कुणी आखातात, कुणी कॅनडात, कुणी युरोपात. आपण बाळंतपणाला जातो आणि घराच्या चार भिंतींत तीन महिने काढून परत येतो. बाहेरचं काही विचारावं तर भाषा येत नाही. लेकीचंही पहिल्या वर्षी तसंच होतं. नवरा कामावर जातो आणि ती खिडकीत बसते. म्हणून हे सांगते. भाषा म्हणजे घराच्या दाराची चावी आहे. आणि ही चावी हाती यायला पदवी लागत नाही.

आधी आपल्याच गावाकडे बघा. वसईवर १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांचं राज्य होतं. ते गेले, पण त्यांचे शब्द आपल्या स्वयंपाकघरात राहिले. बटाटा, पाव, कोबी, अननस, काजू, बादली, घमेलं, आणि आत्ता मी म्हटली ती चावीसुद्धा, हे सगळे शब्द पोर्तुगीजांकडून आले. आपल्या पणज्या काही शाळेत जाऊन ते शिकल्या नाहीत. वस्तू हातात आली, तिच्याबरोबर शब्दही आला. घरात कादोडी, वाडवळी नाहीतर कोळी बोली, चर्चमध्ये किंवा शाळेत पुस्तकी मराठी, दादरच्या फुलबाजारात हिंदी आणि गुजराती गिऱ्हाईक आलं की गुजराती. आपल्यातली किती तरी बाई रोज तीन-चार भाषांत व्यवहार करते आणि वर म्हणते, "मला कुठे भाषा येतात!"

मीही तेच म्हणत होते. माझं शिक्षण दहावीपर्यंत, वय सत्तावन्न. लेक म्हणाली, "आई, जावयांना बाळ झाल्यावर दहा दिवसांची वेगळी रजा मिळेल. पुढे ते कामावर जातील. मी झोपलेली असेन आणि दारावर कुणी आलं तर तू काय करशील?" मी म्हटलं, "दार उघडणार नाही." ती हसली नाही. म्हणाली, "पहिल्या वर्षी मी हेच केलं होतं आई. दार उघडलंच नाही."

त्या दिवशी मला तिच्या पहिल्या थंडीची गोष्ट कळली. स्टॉकहोमला डिसेंबरात दुपारी तीनच्या आधीच सूर्य मावळतो. पदवीधर पोरगी, पण दुकानात डब्यावर काय लिहिलंय ते वाचता येईना. तिथे बहुतेकांना इंग्रजी येतं, त्यामुळे अडत काही नाही. पण शेजारणी आपापसात स्वीडिशमध्ये हसतात तेव्हा आपण बाहेरचे राहतो. फोनवर मला मात्र ती "सगळं छान आहे" एवढंच सांगायची.

तिला बाहेर काढलं ते भाषेच्या वर्गाने. स्वीडनमध्ये बाहेरून राहायला आलेल्या मोठ्या माणसांसाठी स्वीडिश शिकवण्याची सरकारी सोय आहे. त्याला एसएफआय म्हणतात, म्हणजे परदेशातून आलेल्यांसाठी स्वीडिश. हा वर्ग नगरपालिका चालवते आणि त्याची फी नसते. सोळा वर्षं पुरी झालेल्या, तिथे रहिवासी म्हणून नोंद झालेल्या आणि भाषा न येणाऱ्या माणसाला त्यात जागा मिळते. ए, बी, सी, डी अशा चार पायऱ्या असतात. ज्यांनी शाळा फारशी पाहिली नाही त्यांना पहिल्या पायरीपासून सावकाश शिकवतात, शिकलेल्यांना पुढच्या पायरीवरून जलद नेतात. म्हणजे अंगठा उठवणारी बाई आणि इंजिनिअर बाई, दोघींना जागा आहे. तुमची लेक-सून तिकडे जाणार असेल तर तिला आजच सांगून ठेवा: रहिवासी नोंदणीचा क्रमांक मिळाला की पहिलं काम या वर्गात नाव घालायचं.

मी पाहुणी म्हणून गेले होते. पाहुण्यांना नव्वद दिवसांचा व्हिसा मिळतो, या वर्गात जागा मिळत नाही. १६ सप्टेंबरला उतरले, १४ डिसेंबरला निघाले, बरोबर नव्वद दिवस. माझी शाळा म्हणजे लेकीचं स्वयंपाकघर.

आपल्या कानाला जवळची भाषा

पहिल्याच दिवशी लेकीने मला एक गंमत सांगितली. स्वीडिश आणि मराठी या फार लांबच्या नात्यातल्या बहिणी आहेत. हजारो वर्षांपूर्वी दोघींचं मूळ एकच होतं. म्हणून दाराला ते "दर" म्हणतात, नावाला "नाम्न", दाताला "तान्द", आठला "ओत्ता", नऊला "नीऊ". परक्या घरात ओळखीची भांडी दिसावीत तसं मला वाटलं.

दुसरी गंमत उच्चारांची. आपल्याकडे त आणि ट वेगळे, न आणि ण वेगळे, ल आणि ळ वेगळे. इंग्रज माणसाची यात जीभ अडखळते. स्टॉकहोमकडच्या स्वीडिशमध्ये मात्र हे दोन्ही प्रकार आहेत. साधा त आपल्यासारखाच दाताला जीभ लावून म्हणतात. आणि र च्या पाठोपाठ न, ल, त, द, स आला की दोघांचं मिळून ण, ळ, ट, ड, ष होतं. मूल या शब्दाचं स्पेलिंग "बार्न" असं आहे, पण म्हणताना होतं "बाण". नातवंड म्हणजे "बाणबाण". माफ करा म्हणायचं तर "फळोत". त्यातला ळ मी असा खणखणीत म्हटला की शेजारच्या आजीबाई चकित झाल्या. ळ तर आपल्या घरचा!

लिहिलेलं आणि बोललेलं मात्र वेगळं असतं. माझी लेक राहते तो भाग स्टॉकहोमजवळ आहे. तिथे संगणकाच्या आणि टेलिफोनच्या मोठमोठ्या कंपन्या आहेत. पाटीवर इंग्रजी अक्षरांत वाचलं तर "किस्टा" असं होतं, पण लोक म्हणतात "शीस्ता". इ आणि ए सारख्या स्वरांच्या आधी आला की क चा बहुतेक वेळा श होतो. म्हणून मी वाचायच्या आधी ऐकायला शिकले. वहीत सगळं देवनागरीत लिहून ठेवलं.

व्याकरणाची भीती बाळगू नका. आपण "मी जेवते, तू जेवतोस, ते जेवतात" असं क्रियापद बदलतो. त्यांच्याकडे मी, तू, आम्ही, ते, सगळ्यांना एकच "एतेर". आपल्याकडे तो, ती, ते अशी तीन लिंगं, त्यांच्याकडे दोनच. घर म्हणजे "हूस", आणि ते ठरावीक घर म्हणायचं तर शब्दाच्या शेवटी जोडून "हूसेत". आपण घरला, घरात, घराचं असे शेपूट जोडतो तसंच. जपायचं ते एवढंच, की आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी असतं, त्यांचं दुसऱ्या जागेवर. "आज मी भात खाते" हे त्यांच्याकडे "आज खाते मी भात" असं होतं.

आणि नाती! इंग्रजीत मामा, काका, मावशी, आत्या यांचा नुसता काला केलाय. स्वीडिशमध्ये तसं नाही. "मुर" म्हणजे आई, "फार" म्हणजे बाप. मग आईची आई "मुर्मुर", आईचे वडील "मुरफार", वडिलांची आई "फारमुर", वडिलांचे वडील "फारफार". मावशी ती "मुस्तेर", आत्या ती "फास्तेर", मामा तो "मुरब्रुर", काका तो "फारब्रुर". एका संध्याकाळी माझी सगळी पाठ झाली. आपल्या नात्यांची उतरंड डोक्यात पक्की असते, तिला फक्त नवे शब्द चिकटवायचे.

हसायलाही पुष्कळ मिळालं. "यिफ्त" या शब्दाचा एक अर्थ "लग्न झालेली" आणि दुसरा अर्थ "विष". शब्द एकच! हे मी फोनवर आमच्या गटातल्या बायकांना सांगितलं तेव्हा पाच मिनिटं कुणी बोललंच नाही, नुसत्या हसत होत्या.

रोजचे रीतिरिवाज

भाषेबरोबर माणसांच्या सवयी कळाव्या लागतात, नाहीतर शब्द येऊनही गैरसमज होतात.

घरात शिरताना चपला-बूट दाराशी काढतात, अगदी आपल्यासारखं. दवाखान्यात, औषधाच्या दुकानात, बेकरीत गेलं की आधी यंत्रातून नंबराची चिठ्ठी घ्यायची. "ताई, जरा मला आधी" चालत नाही. दहाला बोलावलं म्हणजे दहा. कपडे धुण्याची खोली बऱ्याच इमारतींत सगळ्यांना मिळून एक असते. तिथे आपली वेळ आधी नोंदवायची आणि आपली वेळ संपली की खोली झाडून द्यायची. दुसरीच्या वेळेत आपले कपडे राहिले तर ते त्यांना फार लागतं.

तिथे सगळे एकमेकांना "दू" म्हणतात, म्हणजे तू. डॉक्टरलाही तू आणि नावाने हाक. पूर्वी असं नव्हतं. पूर्वी हुद्दा लावून बोलायचे, म्हणजे "डॉक्टरसाहेबांना काय वाटतं?" असं समोरच्या डॉक्टरलाच विचारायचे. साठीच्या दशकाच्या शेवटी हे बदललं. १९६७ साली ब्रूर रेक्सेद नावाचे आरोग्य खात्याचे प्रमुख झाले, त्यांनी सगळ्या कर्मचाऱ्यांना सांगितलं की आपण एकमेकांना दू म्हणू. ती गोष्ट देशभर गाजली. मला पंचविशीच्या नर्सने नावाने हाक मारली तेव्हा आधी कानाला टोचलं. मग लक्षात आलं, ती मोठ्या डॉक्टरलाही तशीच हाक मारते. म्हणजे तिने मला खाली नाही बसवलं, सगळ्यांच्या ओळीत बसवलं.

दुपारी "फीका" असतो. म्हणजे कॉफी, दालचिनीचा गोड पाव, आणि काम थांबवून गप्पा. फीका चुकवणारा माणूस त्यांना आखडू वाटतो. कुणी बोलावलं तर संकोच न करता जायचं, भाषा तिथेच वाढते.

बापे बाबागाड्या ढकलताना दिसतात. एका मुलामागे आईबापांना मिळून ४८० दिवसांची पगारी रजा असते, त्यातले ९० दिवस बापाचे आणि ९० आईचे राखीव. एकाने नाही घेतले तर दुसऱ्याला मिळत नाहीत, वाया जातात. थंडीत तान्ह्या बाळाला गरम कपड्यांत गुंडाळून बाबागाडीत बाहेर झोपवतात. ते पाहून माझा जीव खालीवर झाला. आपण बाळाच्या कानाला टोपडं बांधून दारं लावणाऱ्या! पण त्यांना मोकळी हवा बाळाला चांगली वाटते. यावरून मी लेकीशी भांडले नाही. बाळाला आणखी एक गोधडी मात्र घातली.

आणि एक रीत मी मनात घट्ट बांधून आणली आहे. जेवून उठताना घरातला प्रत्येक जण, अगदी चार वर्षांचं पोरसुद्धा, म्हणतं, "तक फर मातेन." जेवणाबद्दल आभार. ज्याने रांधलं त्याला हे म्हणायचं. चाळीस वर्षं मी चुलीपाशी आणि गॅसपाशी उभी आहे. जेवणात मीठ कमी पडलं तर कळतं, बरोबर पडलं तर कुणी काही म्हणत नाही. लेकीच्या घरी जावई पहिल्यांदा मला हे म्हणाले, तेव्हा मी पाणी आणायच्या निमित्ताने आत गेले.

ती एक संध्याकाळ

बाळ तीन आठवड्यांचं होतं. जावई कामावर. लेकीला थंडी वाजून ताप भरला, ३९ च्या वर. तिला डोळे उघडवेनात. जावयांचा फोन लागेना. समोरच औषधाचं दुकान होतं, "आपुतेक" म्हणतात त्याला. बाळाला लेकीच्या कुशीत नीट ठेवलं, तळहातावर पेनाने ३९ लिहिलं आणि गेले.

दारातली नंबराची चिठ्ठी घेतली. माझा नंबर आल्यावर तोंडातून निघालं, "हेय. मीन दॉत्तेर हार फेबेर. बाण, त्रे वेक्कुर." म्हणजे माझ्या मुलीला ताप आहे, मूल, तीन आठवडे. वाक्य नीट होतं का, देव जाणे. हात पुढे केला. तिथल्या बाईंनी भराभर काही विचारलं. मी म्हटलं, "या फष्टोर इन्ते. लोंगसाम्त, तक." मला समजत नाही, सावकाश, कृपा करून. त्या थांबल्या. बोटांनी, खुणांनी, एकेक शब्द सोडून विचारलं. मग कागदावर ११७७ लिहिलं. तिथे कुठूनही या नंबरावर फोन केला की नर्स सल्ला देते. जीवावरचं असेल तर ११२.

घरी येऊन लेकीला उठवून बसवलं, फोन लावला. नर्सने सगळं विचारून रात्री काय करायचं ते सांगितलं आणि सकाळी दवाखान्यात बोलावलं. छातीत दूध साकळून सूज आली होती. औषध सुरू झालं, चार दिवसांत पोर उभी राहिली.

मैत्रिणींनो, त्या दुकानात मी दहा-बारा शब्द बोलले असेन. पण त्या बारा शब्दांआधी मी त्या घरातली एक असहाय म्हातारी होते. नंतर नव्हते.

मी कशी शिकले

रोज पाच शब्द, तेही त्या दिवशी लागणारे. फ्रिजवर, दारावर, डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. शब्द नुसता पाठ न करता ती वस्तू हातात घेऊन मोठ्याने म्हणायचा. आणि आठवड्यातून एकदा लेक मला वाचनालयात न्यायची. तिथल्या अनेक वाचनालयांत "स्प्रोक-काफे" भरतो, म्हणजे भाषेचा कट्टा. फी नाही, परीक्षा नाही. गावातली चार माणसं येऊन बसतात आणि नवीन आलेल्यांशी स्वीडिशमध्ये गप्पा मारतात. तिथे सीरियाची बाई होती, सोमालियाची होती. तिघींची मिळून एक भाषा, तीही मोडकी. पण कुणी कुणाला हसलं नाही.

पहिल्या आठवड्यात एवढंच शिकले होते:

हेय: नमस्कार.
तक: आभारी आहे. काही मागतानाही शेवटी हेच लावतात. "कृपया"साठी त्यांच्याकडे वेगळा सरळ शब्द नाही.
फळोत: माफ करा.
या हेतेर: माझं नाव, आणि पुढे आपलं नाव.
या फष्टोर इन्ते: मला समजत नाही.
लोंगसाम्त, तक: सावकाश बोला.
वा हेतेर दे पो स्वेन्स्का: याला स्वीडिशमध्ये काय म्हणतात?

यातलं शेवटचं वाक्य सगळ्यांत मोलाचं. ते आलं की पुढचे सगळे शब्द समोरचा माणूसच देतो. कोणतीही भाषा शिकायची तर आधी हे एक वाक्य शिका.

निघायच्या आदल्या दिवशी लुसियाचा सण होता. १३ डिसेंबरला, अंधाराच्या ऐन दिवसांत, पांढऱ्या झग्यातल्या मुली हातात दिवे घेऊन गात येतात. पुढच्या मुलीच्या डोक्यावर मेणबत्त्यांचा मुकुट असतो. मांडीवर नात घेऊन मी ते पाहिलं. शेजारच्या आजीबाईंनी विचारलं, "मुर्मुर?" मी म्हटलं, "या." म्हणजे हो.

पण माझी बोली? ती नातीला कोण देणार? ही काळजी मी बाळ तपासायला येणाऱ्या नर्सला लेकीमार्फत विचारली. ती म्हणाली, घरात तुम्ही तुमचीच भाषा बोला, स्वीडिश ती बाहेर शिकेल. पुढे शाळेतही घरची भाषा शिकायची सोय आहे. त्या गावात ती भाषा शिकू इच्छिणारी निदान पाच मुलं असली आणि शिकवणारं योग्य माणूस मिळालं, तर नगरपालिकेने वर्ग चालवायचा असा नियम आहे. म्हणून मी लेकीला सांगून आले, अजून चार मराठी घरं शोधून ठेव. आणि रविवारी फोनवर मी नातीशी आपल्या घरच्या बोलीतच बोलते.

परत आल्यावर मात्र मला आपलीच गल्ली वेगळी दिसायला लागली. आमच्या वाडीशेजारच्या चाळीत उत्तरेकडून लग्न होऊन आलेली एक सून आहे. दोन वर्षांत मी तिच्याशी "पाणी आलं का" याच्या पलीकडे बोलले नव्हते. तीही खिडकीत बसलेली असते. वसई-विरारला अशा किती तरी जणी आहेत, गुजरातच्या, बिहारच्या, बंगालच्या. रेशनच्या रांगेत, अंगणवाडीत, मुलाच्या शाळेत त्यांची तीच गत होते जी माझ्या लेकीची झाली होती.

म्हणून आमच्या गटाने आता बुधवारी दुपारी अर्धा तास भाषेचा चहा सुरू केला आहे. चहा, सुकेळी, आणि मराठी गप्पा. ती सून पहिल्या दिवशी आली, कोपऱ्यात बसली. मी तिच्या हातात सुकेळं दिलं आणि शिकवलं, "याला मराठीत काय म्हणतात?" ती हळूच म्हणाली. मग तिने कपाकडे बोट दाखवलं, पातेल्याकडे दाखवलं, माझ्या चष्म्याकडे दाखवलं, आणि प्रत्येक वेळी तेच वाक्य म्हणत राहिली. चहा निवून गेला, पण ती थांबेना.

तुमच्याही गटात करून बघा.